हॉटेलातलं इंग्रजी: खोली शोधण्यापासून ठेवलेली बॅग परत घेण्यापर्यंत

हॉटेलातल्या इंग्रजीत माणसं अडतात ती अवघड शब्दांपाशी नव्हे. 'कॉन्सिएर्झ' म्हणजे काय हे माहीत नसेल तर आपण विचारतो आणि विषय संपतो. फसगत होते ती ज्या शब्दांबद्दल शंकाच येत नाही तिथे. रग, मग, नॅपकिन, कॉट, लाइट आणि खुद्द हॉटेल हे शब्द आपण मराठीत दिवसभर वापरतो. इंग्रजीत त्यांचे अर्थ वेगळे आहेत किंवा देशागणिक बदलतात.

दुसरी चूक क्रमाची. मी मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवते. प्रवासाला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण आधी उशी, चादर, टॉवेल यांची यादी पाठ करतो. बुकिंगच्या पानावरचे शब्द मात्र कोणी नीट वाचत नाही, आणि पैसे अडकतात ते तिथेच. उशीचा शब्द आठवला नाही तर बोट दाखवून काम भागतं. 'नॉन-रिफंडेबल', म्हणजे रद्द केलं तरी पैसे परत नाहीत, हे वाचायचं राहिलं तर बोट दाखवून उपयोग नाही. म्हणून खालचे टप्पे मुक्कामाच्याच क्रमाने घ्या. मधला एखादा टप्पा आधी उचलू नका.

तयारी: नाव, तारखा आणि उत्तरांसकट प्रश्न

आधी एका कागदावर आपलं नाव पासपोर्टवर किंवा ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. 'सरनेम', 'लास्ट नेम' आणि 'फॅमिली नेम' हे तिन्ही शब्द आडनावासाठी आहेत. 'फर्स्ट नेम' आणि 'गिव्हन नेम' म्हणजे आपलं स्वतःचं नाव. रिसेप्शनवर बुकिंग शोधतात ते बहुधा आडनावाने. बुकिंग करताना दोन रकान्यांत अदलाबदल झाली असेल तर समोरचा माणूस 'आय कान्ट फाइंड युअर बुकिंग' म्हणतो आणि आपण घाबरतो. अशा वेळी शांतपणे म्हणायचं, 'कुड यू ट्राय माय फर्स्ट नेम, प्लीज?'

नावाचं स्पेलिंग मोठ्याने सांगायचा सराव करा. मराठी 'व' इंग्रजीत व्हीसुद्धा असतो आणि डब्ल्यूसुद्धा. वाघ आडनावात डब्ल्यू, वैद्य आडनावात व्ही. ही दोन अक्षरं आपण तोंडाने वेगळी काढली तरी फोनवर ती वेगळी ऐकू येतील असं नाही. म्हणून विमान वाहतुकीत वापरतात ते शब्द जोडा: 'व्ही फॉर व्हिक्टर', 'डब्ल्यू फॉर व्हिस्की', 'बी फॉर ब्राव्हो', 'पी फॉर पापा', 'डी फॉर डेल्टा', 'टी फॉर टँगो', 'एम फॉर माइक', 'एन फॉर नोव्हेंबर'. सगळी सव्वीस पाठ करायची गरज नाही, आपल्या नावात येतात तेवढी पुरतात. शेवटचं अक्षर ब्रिटिश माणूस 'झेड' म्हणतो, अमेरिकन 'झी'. हे 'झी' आपल्याला 'जी'सारखं ऐकू येतं, तेव्हा तिथे थांबून खात्री करा.

आता सरावाबद्दल. बहुतेक जण प्रश्न पाठ करतात आणि उत्तर कानावरून जातं. 'इज ब्रेकफस्ट इन्क्लुडेड?' हे अगदी छान म्हणता आलं, पण समोरून 'आय'म अफ्रेड नॉट, इट्स एक्स्ट्रा' आलं की पंचाईत. 'आय'म अफ्रेड नॉट' म्हणजे सौम्य शब्दांत 'नाही', त्यात कोणी कशाला घाबरलेलं नसतं. म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली त्याची दोन-तीन संभाव्य उत्तरंही लिहा आणि ती घरच्या कोणाला तरी जलद वाचायला सांगा. कान तयार होणं हे निम्मं काम आहे.

तपासा: नाव, स्पेलिंग, येण्या-जाण्याच्या तारखा आणि बुकिंग क्रमांक हे चारही एकाच कागदावर आहेत ना? फोनची बॅटरी संपली तरी हा कागद हातात राहतो.

१. राहण्याच्या जागेचं नाव काय सांगतं

मराठीत आपण 'हॉटेलात जेवलो' म्हणतो. इंग्रजीत जेवायची जागा 'रेस्टॉरंट', आणि 'हॉटेल' म्हणजे मुक्कामाची जागा. रस्त्यात कोणाला 'इज देअर अ गुड हॉटेल निअरबाय?' विचारलंत तर तो तुम्हाला खोल्या भाड्याने देणाऱ्या ठिकाणी पाठवेल आणि पोट रिकामंच राहील.

'हॉस्टेल' म्हटलं की आपल्याला विद्यार्थ्यांचं वसतिगृह आठवतं. प्रवासात हॉस्टेल म्हणजे खोलीऐवजी पलंग भाड्याने देणारी जागा, आणि ती बहुतेक ठिकाणी सगळ्या वयांच्या प्रवाशांना खुली असते. तिथे 'डॉर्म' म्हणजे अनेक पलंगांची सामायिक खोली, 'बंक बेड' म्हणजे एकावर एक पलंग, 'मिक्स्ड डॉर्म' म्हणजे स्त्री-पुरुष एकाच खोलीत आणि 'फीमेल ओन्ली' म्हणजे फक्त स्त्रियांसाठी. 'लिनन इन्क्लुडेड' असेल तर चादर-अभ्रे मिळतात. टॉवेल त्यात धरलेलाच असेल असं समजू नका. लॉकर असतो, पण त्याला लावायचं 'पॅडलॉक' म्हणजे कुलूप बरेचदा आपलं आपण न्यावं लागतं.

'मोटेल' म्हणजे गाडीने फिरणाऱ्यांसाठी, जिथे खोलीच्या दाराशी गाडी लावता येते. 'बेड अँड ब्रेकफस्ट' म्हणजे बहुधा एखाद्या कुटुंबाने चालवलेली छोटी जागा, सकाळच्या नाश्त्यासह. 'सर्व्हिस्ड अपार्टमेंट' म्हणजे स्वयंपाकघरासकट घर, ज्याची साफसफाई तिथले लोक करतात. 'स्टुडिओ'मध्ये झोपायची, बसायची आणि स्वयंपाकाची जागा एकाच खोलीत असते.

या टप्प्यावरचा सगळ्यात फसवा शब्द 'सेल्फ-केटरिंग'. केटरिंग म्हणजे जेवणाची व्यवस्था, हे आपल्या डोक्यात लग्नकार्यांपासून पक्कं बसलेलं. 'सेल्फ-केटरिंग'चा अर्थ मात्र बरोबर उलटा: स्वयंपाक तुमचा तुम्ही करायचा. भांडी आणि शेगडी मिळेल, जेवण मिळणार नाही. माझ्या वर्गातल्या एका काकूंनी हा शब्द वाचून जेवणाची सोय आहे असं धरलं होतं. रात्री उशिरा पोहोचल्यावर त्यांच्यासमोर रिकामा फ्रिज होता.

दारावर 'व्हेकन्सीज' अशी पाटी दिसली तर ती नोकरभरतीची नाही. तिचा अर्थ खोल्या शिल्लक आहेत. 'नो व्हेकन्सीज' किंवा 'फुली बुक्ड' असेल तर जागा नाही.

२. खोली, पलंग आणि न्हाणीघर

'डबल' आणि 'ट्विन' यांतला फरक आधी पक्का करा. दोन्ही खोल्या दोघांसाठीच. 'डबल'मध्ये एक मोठा पलंग, 'ट्विन'मध्ये दोन वेगळे. दोन मित्र किंवा सासू-सून एकत्र जाणार असतील तर 'डबल' घेऊन चालणार नाही. नुसतं 'अ रूम फॉर टू' म्हणालात तर बहुधा डबल मिळते. म्हणून 'अ ट्विन रूम, विथ टू सेपरेट बेड्स, प्लीज' असं पूर्ण म्हणा. 'डबल ऑर ट्विन' असं लिहिलेलं दिसलं तर तिथे पलंग जोडून किंवा वेगळे करून देतात, आणि तुमची पसंती आधी कळवावी लागते.

दोन खोल्या घेणार असाल तर 'कनेक्टिंग रूम्स' आणि 'अड्जॉइनिंग रूम्स' यांत गल्लत नको. कनेक्टिंगमध्ये दोन खोल्यांच्या मधे आतून दार असतं. अड्जॉइनिंग म्हणजे शेजारी-शेजारी, आतून दार असेलच असं नाही. लहान मुलं दुसऱ्या खोलीत झोपणार असतील तर हा फरक रात्रभर जाणवतो.

अनेक खोल्यांच्या किंवा बसायच्या वेगळ्या जागेच्या आलिशान खोलीला जो शब्द आहे त्याचा उच्चार 'स्वीट'. तो 'सूट' म्हणून वाचला तर ऐकणाऱ्याला कपडे आठवतात. याच शब्दाचा भाऊ 'ऑन-स्वीट'. त्याचा आलिशानपणाशी काही संबंध नाही. 'ऑन-स्वीट' म्हणजे खोलीला जोडून न्हाणीघर, आपण ज्याला 'अटॅच्ड' म्हणतो तेच. 'प्रायव्हेट बाथरूम' म्हणजे फक्त तुमच्या वापराचं न्हाणीघर, पण ते खोलीबाहेर, व्हरांड्यात असू शकतं. 'शेअर्ड बाथरूम' म्हणजे इतर पाहुण्यांबरोबर सामायिक. घरात कोणी वयस्कर असेल तर 'इज द बाथरूम इनसाइड द रूम?' असं साध्या शब्दांत विचारून टाका.

सावध: 'कॉट' हा शब्द मागताना जपून. आपल्याकडे कॉट म्हणजे पलंग. ब्रिटिश इंग्रजीत कॉट म्हणजे तान्ह्या बाळाचा कठड्याचा पलंग, अमेरिकेत कॉट म्हणजे घडीची खाट, आणि बाळाच्या पलंगाला तिथे 'क्रिब' म्हणतात. मोठ्या माणसासाठी हवा असेल तर 'ॲन एक्स्ट्रा बेड फॉर ॲन ॲडल्ट' असं स्पष्ट सांगा.

खिडकीबाहेरचं दृश्य हा हौसेचा भाग, पण तिथेही शब्द तोलून वापरलेले असतात. 'सी व्ह्यू'मध्ये समुद्र दिसतो. 'पार्शल सी व्ह्यू'मध्ये थोडासा दिसतो, कधी बाल्कनीच्या एका कोपऱ्यातूनच. जास्तीचे पैसे मोजण्यापूर्वी 'पार्शल' हा शब्द आहे का ते पाहा.

३. नाश्ता-जेवणाची अक्षरं

दराशेजारी दोन अक्षरं छापलेली असतात, ती वाचता आली पाहिजेत. 'आरओ' म्हणजे 'रूम ओन्ली', फक्त खोली. 'बीबी' म्हणजे खोली आणि नाश्ता. 'एचबी' म्हणजे 'हाफ बोर्ड': नाश्ता आणि एक मुख्य जेवण, बहुधा रात्रीचं. 'एफबी', 'फुल बोर्ड', म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. 'एआय' म्हणजे 'ऑल इन्क्लुझिव्ह', ज्यात साधारणपणे पेयंही येतात. हाफ आणि फुल बोर्डमध्ये पेयांचे पैसे बरेचदा वेगळे लागतात.

प्रवास कंपन्यांच्या कागदांवर दुसरीच अक्षरं भेटतात: 'ईपी' म्हणजे फक्त खोली, 'सीपी' म्हणजे नाश्त्यासह, 'एमएपी' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, 'एपी' म्हणजे तिन्ही वेळचं खाणं. इथल्या 'बोर्ड'चा पाटीशी किंवा फळ्याशी संबंध नाही, मुक्कामाबरोबर मिळणाऱ्या जेवणाला तो शब्द आहे.

पहाटे निघायचं असेल तर 'पार्सल' मागू नका. इंग्रजीत पार्सल म्हणजे टपालाने जाणारं गाठोडं. 'वी आर लीव्हिंग अर्ली. कुड वी हॅव अ पॅक्ड ब्रेकफस्ट?' असं विचारा, आणि आदल्या संध्याकाळीच विचारा.

४. तारीख, रात्र आणि पैसे

या टप्प्याला वेळ द्या. माझ्या मते संपूर्ण मुक्कामातलं सगळ्यात महत्त्वाचं इंग्रजी इथेच आहे.

हॉटेल दिवस मोजत नाही, रात्री मोजतं. ५ तारखेला येऊन ८ तारखेला निघणार असाल तर आपण सहज 'चार दिवस' म्हणतो. हॉटेलच्या हिशोबी त्या 'थ्री नाइट्स'. फोनवर 'फोर डेज' म्हणालात तर चौथी रात्र धरली जाऊ शकते. 'थ्री नाइट्स, चेकिंग इन ऑन द फिफ्थ, चेकिंग आउट ऑन द एट्थ' असं तिन्ही भाग मिळून सांगा. तारीख आकड्यांत लिहायची तर महिना अक्षरांत लिहा. ०५/०६ ही ब्रिटिश पद्धतीने ५ जून होते आणि अमेरिकन पद्धतीने ६ मे.

मध्यरात्रीनंतर पोहोचणाऱ्यांची चूक तर मी स्वतः केलेली आहे. आमचं विमान ६ तारखेला रात्री पाऊण वाजता उतरलं, म्हणून मी ६ तारखेपासून खोली घेतली होती. दोन वाजता आईला घेऊन मी काउंटरवर उभी. समोरची मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, 'युअर बुकिंग इज फॉर टुनाइट, मॅडम.' मी म्हटलं, 'येस, येस, टुनाइट.' ती पुन्हा तेच म्हणाली, मी पुन्हा 'येस'. तिच्या 'टुनाइट'चा अर्थ येणारी रात्र होता, माझ्या 'टुनाइट'चा अर्थ तेव्हा चालू असलेली. खोली दुपारी मिळणार होती. आईने ती रात्र लॉबीतल्या सोफ्यावर, पर्स उशाला घेऊन काढली.

हॉटेलच्या हिशोबात ६ तारखेच्या पहाटे दोनची वेळ ५ तारखेच्या रात्रीत येते. तेव्हा खोली ५ पासून घ्या आणि आधी कळवा: 'वी विल अराइव्ह ॲट टू ए.एम. ऑन द सिक्स्थ, सो वी नीड द रूम फॉर द नाइट ऑफ द फिफ्थ. प्लीज होल्ड इट फॉर लेट अराइव्हल.' शेवटचं वाक्य गाळू नका. बुकिंग असून पाहुणा आलाच नाही तर त्याला 'नो-शो' म्हणतात. तशी नोंद झाली की खोली दुसऱ्याला जाऊ शकते आणि पैसेही कापले जाऊ शकतात.

'ट्वेल्व्ह ए.एम.' म्हणजे मध्यरात्र, 'ट्वेल्व्ह पी.एम.' म्हणजे दुपारचे बारा. गोंधळ टाळायचा तर सरळ 'मिडनाइट' आणि 'नून' म्हणा.

मराठीतला 'पर्यंत' इथे त्रास देतो. 'मी नऊपर्यंत येईन' आणि 'मी नऊपर्यंत थांबेन' यांत आपला शब्द एकच. इंग्रजीत दोन आहेत. येण्याची मुदत सांगताना 'बाय': 'आय विल बी देअर बाय नाइन.' चालू राहणाऱ्या गोष्टीला 'अंटिल': 'कॅन वी कीप द रूम अंटिल वन?' हॉटेलच्या पानावर 'चेक-इन फ्रॉम टू पी.एम.' असेल तर दोनच्या आधी खोलीवर तुमचा हक्क नाही. 'चेक-आउट बाय इलेव्हन ए.एम.' असेल तर अकराच्या आत खोली सोडायची.

आता पैशांचे शब्द. 'इन्क्लुझिव्ह ऑफ टॅक्सेस' म्हणजे कर धरून. 'एक्स्क्लुझिव्ह ऑफ टॅक्सेस' वाचताना आपल्या मनात 'खास' असा अर्थ येतो, पण इथे त्याचा अर्थ 'कर वगळून', म्हणजे वर आणखी पैसे भरायचे आहेत. 'सिटी टॅक्स' किंवा 'टूरिस्ट टॅक्स' अनेक शहरांत जागेवरच भरावा लागतो, बुकिंगच्या रकमेत तो धरलेला नसू शकतो. 'पर रूम पर नाइट' आणि 'पर पर्सन पर नाइट' यांत फरक आहे, दुसऱ्यात दोघांसाठी रक्कम दुप्पट होते. 'पर पर्सन, बेस्ड ऑन टू शेअरिंग' असेल आणि तुम्ही एकटे जात असाल तर 'सिंगल सप्लिमेंट' नावाची वाढीव रक्कम लागते.

'कॉम्प्लिमेंटरी' म्हणजे फुकट. 'ऑन रिक्वेस्ट' म्हणजे मागितलं तर मिळेल, फुकट मिळेल असं नाही. 'सब्जेक्ट टु अव्हेलेबिलिटी' म्हणजे शिल्लक असेल तरच. या शेवटच्या दोन शब्दप्रयोगांत कुठलंही वचन नसतं, म्हणून त्यावर पुढचा बेत आखू नका.

'डिपॉझिट'चे दोन अर्थ चालतात. एक म्हणजे आगाऊ रक्कम, जी बिलातून वजा होते. दुसरा म्हणजे 'सिक्युरिटी डिपॉझिट', नुकसान झालं नाही तर परत मिळणारी अनामत. 'इज द डिपॉझिट रिफंडेबल, ऑर इज इट पार्ट ऑफ द बिल?' हा प्रश्न दोन्ही उलगडतो. 'प्री-ऑथरायझेशन' किंवा 'होल्ड' म्हणजे कार्डावरची रक्कम तात्पुरती अडवून ठेवणं. ती खर्च झालेली नसते, पण सुटायला काही दिवस लागू शकतात. डेबिट कार्ड दिलं तर तेवढे दिवस खात्यातले पैसे वापरता येत नाहीत. हाताशी मोजकेच पैसे असतील तर कार्ड देण्याआधी विचारा: 'इज धिस अ चार्ज ऑर जस्ट अ होल्ड?'

थांबून तपासा: 'फ्री कॅन्सलेशन अंटिल' याच्यापुढची तारीख आणि वेळ लिहून घेतली का? ती बहुधा हॉटेल जिथे आहे तिथल्या घड्याळाप्रमाणे असते. आणि बुकिंग 'कन्फर्म्ड' आहे की अजून 'पेंडिंग'? 'वी हॅव रिसीव्ह्ड युअर रिक्वेस्ट' याचा अर्थ फक्त विनंती पोहोचली, खोली मिळाली असा नाही.

५. रिसेप्शनवर

अमेरिकेत 'फ्रंट डेस्क', ब्रिटनमध्ये 'रिसेप्शन'. पहिलं वाक्य असं ठेवा: 'हलो, आय'ड लाइक टु चेक इन. आय हॅव अ रिझर्वेशन अंडर द नेम वाघ.' 'माय बुकिंग इज देअर' म्हटलं तरी कळतं, पण त्यात नाव येत नाही आणि पुढचे दोन प्रश्न वाढतात.

मग ओळखपत्र मागतात, 'रजिस्ट्रेशन कार्ड' भरायला देतात आणि सही घेतात. सही करण्यापूर्वी निघायची तारीख आणि दर वाचा. 'हाउ विल यू बी सेटलिंग द बिल?' म्हणजे पैसे कसे देणार. बुकिंग करताना भरले असतील तर 'इट्स ऑलरेडी पेड' आणि कागद पुढे करा. 'इन्सिडेंटल्स' हा शब्द आला तर तो फोन, मिनीबार (खोलीतल्या छोट्या फ्रिजमधली विकतची पेयं-खाऊ), धुलाई अशा वरखर्चासाठी असतो.

खोलीचा क्रमांक ऐकताना जपा. २०४ला 'टू-ओ-फोर' म्हणतात. 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' कानाला सारखे वाटतात, म्हणून सुटे आकडे उच्चारून खात्री करा: 'वन-फाइव्ह, ऑर फाइव्ह-झीरो?' मजल्याचंही तसंच. ब्रिटिश पद्धतीत तळमजला 'ग्राउंड फ्लोअर' आणि त्याच्या वरचा 'फर्स्ट फ्लोअर', आपल्यासारखंच. अमेरिकेत तळमजलाच बहुधा 'फर्स्ट फ्लोअर' असतो. 'लिफ्ट'ला अमेरिकेत 'एलिव्हेटर' म्हणतात.

सामानाच्या 'लगेज' आणि 'बॅगेज' या दोन्ही शब्दांना 'एस' लावून अनेकवचन होत नाही. 'थ्री लगेजेस' चूक, 'थ्री बॅग्ज' किंवा 'थ्री पीसेस ऑफ लगेज' बरोबर. ते खोलीपर्यंत नेणारा 'पोर्टर' किंवा 'बेलबॉय'. 'कॉन्सिएर्झ' म्हणजे गाडी, तिकिटं, वाटा यांची मदत करणारा.

६. खोलीत: मागणं आणि तक्रार

'मला पाहिजे' मराठीत सरळ बोलणं आहे, त्यात उद्धटपणा नाही. त्याचं 'आय वाँट' केलं की ते कानाला टोचतं. कारण नम्रपणा आपण 'द्याल का', 'जरा', 'बघा ना' अशा शब्दांतून आणतो आणि भाषांतरात ते गळून पडतात. त्यांची जागा 'कुड' भरून काढतं. 'कुड आय हॅव...' वस्तू मागण्यासाठी, 'कुड यू सेंड समवन टु...' माणूस बोलावण्यासाठी. ही दोन सुरुवात-वाक्यं पक्की झाली की खोलीतलं बहुतेक बोलणं जमतं.

आता फसव्या वस्तू. 'मग' मागितला तर चहा-कॉफीचा कप येईल. न्हाणीघरासाठी हवा तर 'अ बकेट अँड अ प्लास्टिक जग फॉर द बाथरूम' म्हणा. हात पुसायचा 'नॅपकिन' मागितला तर जेवणाच्या टेबलावरचा रुमाल मिळेल, तिथे 'हँड टॉवेल' हवा. थंडीत 'रग' मागितला तर ऐकणाऱ्याला जमिनीवरचा छोटा गालिचा वाटतो, म्हणून 'ब्लँकेट' म्हणा. अभ्र्याला 'पिलोकेस'. खोळीत घातलेली मऊ दुलई म्हणजे ब्रिटिशांचं 'डूव्हे', अमेरिकेत तशा पांघरुणाला बहुधा 'कम्फर्टर' म्हणतात. इस्त्रीच्या शब्दाचा ब्रिटिश उच्चार 'आयन'. नळ ब्रिटनमध्ये 'टॅप', अमेरिकेत 'फॉसेट'. भिंतीतलं प्लगचं ठिकाण 'सॉकेट', अमेरिकेत 'आउटलेट'. मौल्यवान वस्तूंची छोटी तिजोरी म्हणजे 'सेफ'.

तक्रारीत सगळ्यात जास्त गोंधळ 'लाइट'मुळे. आपल्याकडे लाइट गेली म्हणजे वीज गेली. इंग्रजीत 'लाइट' म्हणजे दिवा. 'द लाइट इज गॉन' सांगितलंत तर कोणी बल्ब घेऊन येईल. वीज गेली असेल तर 'देअर इज नो पॉवर इन माय रूम'. दिवा लागत नसेल तर 'द बाथरूम लाइट इजन्ट वर्किंग'. 'गीझर' हा शब्दही अनेक देशांत गरम पाण्याच्या झऱ्यासाठी समजला जातो. 'देअर इज नो हॉट वॉटर' एवढं पुरे.

तक्रार सांगायचा क्रम ठरवून घ्या: आधी खोली क्रमांक, मग काय बिघडलं, मग कधीपासून, शेवटी काय हवं. 'धिस इज रूम टू-ओ-फोर. द एसी इजन्ट कूलिंग. इट्स बीन लाइक धिस सिन्स लास्ट नाइट. कुड यू सेंड समवन टु हॅव अ लुक, ऑर मूव्ह अस टु अनदर रूम?' शेवटचा भाग बहुतेक जण सांगतच नाहीत. बिघाड सांगून गप्प बसतात आणि समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवतात. काय हवं ते मागा. काही नेमके बिघाड: 'द टॉयलेट वोन्ट फ्लश', 'द सिंक इज ब्लॉक्ड', 'द टॅप इज लीकिंग', 'माय की कार्ड डझन्ट वर्क'.

दाराला लावायच्या पाट्या दोन. 'डू नॉट डिस्टर्ब' आणि 'प्लीज मेक अप माय रूम', म्हणजे खोली आवरा. पहिली पाटी लावून बाहेर गेलात तर खोली झाडली जाणार नाही.

तपासा: 'हाउसकीपिंग' अशी हाक आणि दारावर टकटक झाली, पण आत कोणी यायला नको असेल, तर नुसतं 'नो' म्हणू नका. 'कुड यू कम बॅक लेटर, प्लीज?'

७. निघताना

'आय वाँट टु व्हेकेट द रूम' हे आपल्याकडच्या इंग्रजीत रुळलेलं आहे, पण इतरत्र ते घर खाली करण्याच्या नोटिशीसारखं वाटतं. 'आय'ड लाइक टु चेक आउट, प्लीज' म्हणा. उशिरा निघायचं असेल तर आदल्या दिवशीच 'कुड वी हॅव अ लेट चेक-आउट? इज देअर अ चार्ज फॉर इट?' अशी दोन्ही वाक्यं जोडून विचारा. पहिल्याचं उत्तर 'शुअर' आलं म्हणून ते फुकट ठरत नाही.

बिल हातात घेऊन तिथेच वाचा. कळलं नाही तर 'कुड यू एक्सप्लेन धिस चार्ज?' चूक दिसली तर 'यू मेड अ मिस्टेक' नको, 'आय थिंक देअर माइट बी अ मिस्टेक हिअर' म्हणा आणि ओळीवर बोट ठेवा. मिनीबारमधलं काही घेतलं नसेल तर 'वी डिडन्ट हॅव एनिथिंग फ्रॉम द मिनीबार'. 'इनव्हॉइस' म्हणजे देय रकमेचा तपशील, 'रिसीट' म्हणजे पैसे मिळाल्याची पावती. कचेरीतून खर्च परत मिळवायचा असेल तर दोन्ही मागा. 'रिसीट'च्या स्पेलिंगमध्ये पी असतो, उच्चारात नसतो. अनामतीसाठी कार्डावर रक्कम अडवली असेल तर पावती घेतानाच विचारा: 'व्हेन विल द होल्ड बी रिलीज्ड?'

खोली सोडली आणि प्रवासाला अजून वेळ असेल तर 'कॅन वी लीव्ह अवर बॅग्ज हिअर अंटिल फाइव्ह?' इथे 'अंटिल'च हवं, कारण बॅगा तोवर तिथे राहणार आहेत. बिल्ला किंवा 'टॅग' दिला तर त्याचा फोटो काढून ठेवा, बॅगा किती ते टॅगवर लिहून घ्या, आणि परत आल्यावर: 'वी आर हिअर टु कलेक्ट अवर बॅग्ज. थ्री पीसेस, प्लीज.'